मांडवातली निळी चूळ

आमच्या भागात दातांच्या डॉक्टरला डॉक्टर म्हणतात, पण जरा थांबून. माझे बाबा एकोडीला धान पिकवतात. पोरगी काय करते असं कुणी विचारलं की ते म्हणायचे, "डॉक्टर हाये." समोरचा लगेच आपली कंबर, आपली शुगर, आपल्या सासूचा गुडघा बाहेर काढायचा. मग बाबा घाईघाईनं जोडायचे, "दातांची." समोरचा सभ्यपणे विषय पावसावर न्यायचा.

लाखांदूरला मी दवाखाना टाकला तेव्हाही फार वेगळं नव्हतं. लोक एसटीनं तालुक्याला यायचे ते तहसीलसाठी, बँकेसाठी, खतासाठी. परतीच्या गाडीला अवकाश असला तर जाता जाता दाढ काढून जायचे. माझ्या बाकावर बसलेल्यांपैकी निम्मे लोक पंख्यासाठी बसलेले असत. समोरच्या मोठ्या डॉक्टरकडे मात्र दारापर्यंत चपला. मी त्या चपलांकडे फार बघायचे.

दोन हजार वीसमध्ये टाळेबंदी लागली आणि तालुक्यात पहिला बंद झाला तो माझा दवाखाना. त्यात तक्रारीला जागा नव्हती. उघड्या तोंडात नाक खुपसून बसायचं, त्या तोंडात पाणी उडवणारं यंत्र चालवायचं आणि ते पाणी थुंकीसकट खोलीभर पसरवायचं, हा आमचा धंदा. मी एकोडीला बाबांकडे जाऊन राहिले. फोनवरून लोकांना मिठाच्या गुळण्या सांगायच्या आणि धीर द्यायचा. रोवणा, म्हणजे धानाची लावणी, चालू असताना शेतात, पोटऱ्यांपर्यंत चिखलात उभी राहून मी एका बाईला दाढेवर लवंग कशी धरायची ते समजावलं. बाजूनं रोवणाऱ्या बाया ऐकत होत्या. एक म्हणाली, एवढंच सांगासाठी शिकली का वो तू? मी ते हसण्यावारी नेलं, पण रात्री जेवताना आठवलं.

पावसाळा अर्धा झाला तेव्हा दवाखाना पुन्हा उघडला. नव्या सूचना आल्या होत्या. अंगात पीपीई किट, तोंडावर दोन मास्क, वर प्लॅस्टिकचा पडदा, आणि पेशंट खुर्चीवर बसला की आधी त्याला औषधी पाण्यानं चूळ भरायला लावायची, मगच तोंडाला हात. जखमेवर लावतात ते तपकिरी औषध असतं ना, त्याचंच तोंडासाठीचं पाणी, अजून पातळ करून. अर्धा मिनिट तोंडात खळखळायचं, अर्धा मिनिट घशात गुळगुळायचं, थुंकायचं, गिळायचं नाही. थायरॉईडवाल्यांना आणि पोटुशा बायांना द्यायचं नाही, म्हणून आधी विचारायचं. त्यानं तोंडातले विषाणू काही वेळ कमी होतात, असं म्हणत होते. किती कमी आणि किती वेळ, याबद्दल विद्वानांचंही एकमत नव्हतं. संपत तर नाहीतच, आतून नवे येत राहतात. म्हणजे मी काम करते तेवढ्या वेळात माझ्या अंगावर जे उडेल ते जरा कमी वाईट असावं, एवढाच मतलब. ती चूळ पेशंटसाठी नव्हती, माझ्यासाठी होती. हे मी लोकांना कधी सरळ सांगितलं नाही. पुढचं सगळं रामायण त्यातून झालं.

दवाखान्यात माझ्या मदतीला एक मावशी होत्या, पन्नाशीच्या. त्याआधी त्यांनी बरीच वर्षं अंगणवाडीत काढली होती. एका वेळी वीस पोरांचे हात धुवून घेतलेल्या बाईला म्हाताऱ्यांकडून चूळ भरून घेणं जड नव्हतं. घड्याळ हातात धरून त्या खुर्चीशेजारी उभ्या राहायच्या. मी पेशंटला आधी विषाणूचं शास्त्र सांगायचे, लाळग्रंथीपासून सुरुवात करून. पेशंट माझ्याकडे बघायचा, मग मावशींकडे बघायचा. मावशी म्हणायच्या, "मॅडमचं म्हणणं असं हाये का, तोंडात जो कचरा हाय थो थोड्या वेळासाठी पातळ होते. संपत नाही. आता खळखळा." माझ्या पाच मिनिटांपेक्षा ते बरं होतं आणि खरंही होतं.

पहिल्या आठवड्यात लोकांनी त्या चुळेचं जे करता येईल ते सगळं केलं. कुणी गिळली. कुणी मास्क न काढता पेला तोंडाला लावला. एकानं गालातला खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारीचा तोबरा, तसाच ठेवून खळखळून घेतलं आणि वर विचारलं की खर्राही शुद्ध झाला असेल का. एका गुरुजींनी घशात गुळगुळताना प्रार्थनेची चाल धरली आणि पूर्ण झाल्याशिवाय थुंकायला तयार होईनात.

त्याच आठवड्यात एक म्हातारे आले, सगळे त्यांना बाबाजी म्हणायचे. सत्तरीच्या आसपासचे, लाखांदूरपासून थोडं आत, तलावाच्या काठच्या गावातले. जन्मभर तलावात मासे धरलेले, त्यामुळे अंग सडपातळ आणि काळंभोर. सोबत त्यांची बायको, त्यांच्यापेक्षा निम्मी उंच आणि दुप्पट आवाजाची. बाबाजींची मागची दाढ दुखत होती. मी चुळेचं सांगितलं तशी आजी मधेच म्हणाल्या, "चाळीस वर्साचा खर्रा हाये जी त्या तोंडात. कोरोना आतमधी गेला तं गुंगी येऊन पडन."

बाबाजींनी पहिला पेला सरळ पिऊन टाकला. मावशींनी दुसरा दिला. त्या वेळी त्यांनी डोळे मिटले, गाल फुगवले आणि पुतळ्यासारखे बसले. मिनिट झालं, दीड झालं. पाण्याखाली जाळं सोडवायची सवय असलेला माणूस, त्याला श्वासाचं काय. शेवटी मावशींनीच पाठीवर थाप मारून थुंकायला लावलं. त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं होतं. मला वाटलं, दम कोंडला म्हणून.

दाढ काढायला मला घाम फुटला. एक तर त्या किटमध्ये आधीच घामाच्या धारा, चष्म्यावर वाफ, त्यात त्यांचं तोंड पुरतं उघडेना. मी दोनदा खेकसले, बाबाजी, मोठं उघडा जी. ते बिचारे उघडायचा प्रयत्न करत राहिले. मला दिसत होती फक्त ती दाढ, तीही धुक्यातून दिसावी तशी. ती निघाली, मी कापूस ठेवला, पुढच्याला बोलावलं.

आठ दिवसांनी सकाळी बाकावर सात लोक बसलेले होते, सगळे बाबाजींच्या गावचे. मी हरखले. पहिल्याला विचारलं, कुठली दाढ? तो म्हणाला, "दात नाही दुखत जी. चूळ पाह्यजे."

झालं होतं असं, की बाबाजींचं सर्दीनं बंद झालेलं नाक त्याच दिवशी मोकळं झालं होतं. त्यांनी तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, बसून गावाला सांगितलं, की लाखांदूरच्या डाक्टरीनबाईकडं कोरोना मारायचं पाणी आहे, आणि त्यांनी स्वतः ते एक पेला पोटात आणि एक पेला तोंडात घेतलंय. मी त्या सातही जणांना समजावलं की असं काही नसतं. मावशींनी त्याचं भाषांतर केलं. सातही जणांनी मान डोलावली आणि मग चूळ भरायला रांग लावली.

मी नाही म्हणायला हवं होतं. म्हटलंही, पण जसं पाहुणा उठताना आपण बसा म्हणतो तसं. खरं सांगायचं तर मला ते आवडलं होतं. दारापर्यंत चपला आल्या होत्या. समोरच्या मोठ्या डॉक्टरचा कंपाउंडर बाहेर येऊन माझ्या चपलांकडे बघायचा. बाबांना फोन करून मी गर्दीचं सांगितलं, गर्दी कशासाठी ते सांगितलं नाही. त्यांनी ते गावात सांगितलं, आणि त्या वेळी बहुधा "दातांची" हा शब्द गाळला.

डोक्यात हवा गेली की माणूस पाटी लावतो. मीही लावली. रंगाऱ्याला कागदावर लिहून दिलं, येथे विषाणूरोधक चूळ दिली जाते. त्यानं सुंदर निळ्या अक्षरात लिहिलं, येथे विषाणूरोधक चूल दिली जाते. दोन दिवस ते कुणाच्या लक्षात आलं नाही. तिसऱ्या दिवशी एक बाई आधार कार्ड, रेशन कार्ड आणि दोन फोटो घेऊन आली आणि म्हणाली, चुलीचा फॉर्म कुठं भरायचा. गॅसची टाकी मिळाली होती, पण भरून आणणं परवडत नव्हतं, म्हणून ही नवी योजना तिला पसंत होती. मी तिला चूक समजावली तर तिनं माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की चुली आतल्या आत ओळखीच्यांना वाटून झाल्या असणार. जाताना तिनं चूळ मात्र भरली. मावशींनी त्याच दिवशी स्टुलावर चढून पाटी काढली आणि उलटी करून भांडी सुकवायला वापरली.

धान कापून झालं, चुरणी म्हणजे मळणीही झाली. थंडी पडली. आजार कमी झाल्यासारखा वाटत होता आणि सगळ्यांनाच तो संपला असं वाटायची घाई होती. अशात बाबाजी आणि आजी पत्रिका घेऊन आले. नातीचं लग्न होतं. पत्रिका माझ्या हातात देऊन बाबाजी म्हणाले, "तुमी या जी. अन् पाणीही आना."

आजींनी खुलासा केला. वरात भंडाऱ्याकडून येणार होती. शहरातून येणारी माणसं काय काय घेऊन येतील सांगता येत नाही. तर मांडवाच्या तोंडाशीच सगळ्यांची चूळ घ्यायची, मग आत सोडायचं. मी म्हटलं, आजी, चुळेनं लग्न सुरक्षित होत नाही, माणसं कमी बोलवा, लांब बसवा, मास्क ठेवा. आजी म्हणाल्या, तेही करू. त्यांच्या बोलण्यात ते करायचं नाही हे स्पष्ट होतं. मी गेले. कुठल्याही कार्यक्रमाला डॉक्टर म्हणून बोलावणं मला पहिल्यांदाच आलं होतं.

मावशी आणि मी सकाळीच पोचलो. तलावाच्या पाळीला लागून घर, घरापुढं मांडव. आम्ही प्रवेशापाशी टेबल मांडलं, मोठ्या गंजात, म्हणजे उभ्या पातेल्यात, औषध पातळ केलं, कागदी पेले लावले, आणि थुंकायला दोन पांढरे प्लॅस्टिकचे टब ठेवले. टब पांढरे होते ही गोष्ट महत्त्वाची ठरली. घरच्या लोकांनी आधी चूळ भरली. सगळ्यांची तपकिरी. मावशी टब रिकामे करून धुऊन आणायच्या.

मग वरात आली. सरकारनं ठरवून दिलेल्या आकड्यापेक्षा भरपूर जास्त माणसं. त्यांना आधी शाळेच्या व्हरांड्यात उतरवून चहा-नाश्ता दिला होता. तिथून वाजत गाजत मांडवाशी आली आणि मावशींनी त्यांना अडवलं. पाहुण्यांना गंमत वाटली. नवरदेवाचे मामा पुढं झाले. पांढरा शुभ्र सदरा, खांद्यावर टॉवेल, सगळ्या वरातीचा कारभार त्यांच्याकडे. त्यांनी ऐटीत पेला तोंडाला लावला, खळखळलं, मान वर करून गुळगुळलं आणि पांढऱ्या टबात थुंकले.

थुंकी निळीकाळी होती. शाईसारखी, मधे काळे काळे कण.

मामांनी टबात पाहिलं. शेजारच्या माणसानं पाहिलं. मामा म्हणाले, काही नाही, उन्हानं असेल. मग त्यांच्या भावानं चूळ भरली, तीही काळी. नवरदेवाच्या आत्याची काळी. तीन मित्रांची काळी. एवढ्यात मांडवातल्या बाया टबाभोवती जमल्या होत्या आणि कुणीतरी म्हणालं, कोरोना निंगून राहिला.

पुढच्या पाच मिनिटांत मुलीकडची माणसं मांडवाच्या एका टोकाला गेली आणि मुलाकडची दुसऱ्या टोकाला राहिली. मधे टेबल, गंज आणि मी. मुलीचा काका म्हणाला, आमच्या साऱ्यांची साफ निघाली, यांच्या साऱ्यांची काळी, हा काय प्रकार आहे. मामांनी टॉवेल झटकला. त्यांचं म्हणणं असं की डाक्टरीनबाईनं मुद्दाम पाण्यात काहीतरी मिसळलं आहे, मुलाकडच्यांचा अपमान करायला. हे असं असेल तर वरात इथूनच परत जाईल. बँडवाले वाद्यं खाली ठेवून पाहू लागले. नवरदेवानं पेला हातात घेतला होता, तो त्यानं हळूच परत टेबलावर ठेवला.

मला एका क्षणात कळलं होतं. शाळेत सातवी-आठवीत केलेला प्रयोग. आयोडीन आणि स्टार्च. माझं तपकिरी औषध आयोडीनचंच. नाश्त्याला पोहे होते. मी जोरात सांगायला सुरुवात केली. मी म्हटलं, हा स्टार्चचा रंग आहे, पिठूळ पदार्थ आयोडीनच्या संपर्कात आले की निळा रंग येतो. कुणी ऐकलं नाही. ऐकलं त्यांनाही ती सारवासारव वाटली. आजी कपाळाला हात लावून बसल्या. त्या वेळी मला खरंच भीती वाटली. हसण्यासारखं काही उरलं नव्हतं. एका मुलीचं लग्न माझ्या गंजामुळे मोडायला आलं होतं, आणि तो गंज मी इथं मोठेपणासाठी आणला होता.

मावशी तडक शाळेकडे गेल्या आणि उरलेल्या पोह्यांचं पातेलं कमरेवर घेऊन आल्या. टेबलावर एक पत्रावळ ठेवली, तिच्यावर पोह्यांचा ढीग केला आणि सगळ्यांसमोर त्यावर गंजातलं पाणी ओतलं. पिवळे पोहे निळेकाळे झाले. मग मागून एका म्हातारीचा आवाज आला, "पोहेबी पॉझिटिव्ह."

पहिलं हसू नवरदेवाला फुटलं. मामा हसले नाहीत. त्यांनी अट घातली. मुलीच्या काकानं सर्वांसमोर मूठभर पोहे खावेत आणि चूळ भरावी. काकांनी खाल्ले, भरली, थुंकले. काळी. मामांच्या चेहऱ्यावरचं समाधान मी आजही विसरलेले नाही. पण त्यांचं तेवढ्यावर भागलं नाही. दोन्हीकडची बरोबरी व्हायला हवी म्हणून मुलीकडच्या प्रत्येक कर्त्या माणसाला पोहे खाऊन चूळ भरावी लागली. पातेलं संपलं. लग्नाच्या फोटोत दोन्ही बाजूंच्या व्याह्यांचे दात निळसर आहेत. नवरीनं मात्र लिपस्टिकचं कारण सांगून पोहे आणि चूळ दोन्हींना साफ नकार दिला, आणि तिचं कुणी काही बिघडवू शकलं नाही.

मंगलाष्टकं झाली. मग पंगत बसली, आणि मला दिसलं मी काय करून ठेवलं होतं. सगळ्यांचे मास्क खिशात. मांडीला मांडी. एकमेकांच्या तोंडाजवळ तोंड नेऊन बँडच्या वरताण गप्पा. मी एकदोघांना म्हटलं, अंतर ठेवा. त्यातला एक प्रेमानं म्हणाला, आता कायचं भेव जी, चूळ झाली ना. माझ्या पाण्यानं त्यांच्या तोंडातलं काही कमी झालंही असेल घटकाभर. डोक्यातली भीती मात्र पूर्ण धुऊन निघाली होती, आणि तिची तिथं गरज होती.

या सगळ्या गोंधळात एक माणूस चुळेपासून लांब राहिला होता. बाबाजी. आजींच्या ते आता लक्षात आलं. आपल्या घरच्या लग्नात आपलाच नवरा चूळ चुकवतो म्हणून त्या त्यांना हाताला धरून माझ्यापुढं घेऊन आल्या. बाबाजींनी पेला घेतला, ओठाला लावला आणि खाली ठेवला.

"लागते जी," ते म्हणाले.

मी विचारलं, काय लागतं, चव? ते म्हणाले, आग होते. त्या दिवशी दवाखान्यातही झाली होती. मग आजीच सांगू लागल्या. बरेच महिने झाले, भाजीत तिखट चालत नाही. झिंग्यांची भाजी हा माणूस मडकं चाटून खायचा, आता दुधात भात कालवून खातो. त्यांना वाटत होतं, म्हातारपणी पोटात उष्णता वाढली असेल.

मी त्यांना घराच्या मागं नेलं, तणसाच्या ढिगापाशी, जिथं ऊन होतं. म्हटलं, तीन बोटं उभी धरून तोंडात घाला. निरोगी तोंडात तिन्ही मावतात, त्यांचं दीड बोट गेलं. मोबाईलचा दिवा लावून मी आत पाहिलं. घामाशिवाय, वाफेशिवाय, पहिल्यांदाच. डावा गाल आतून पांढरा आणि ताठ, चामड्यासारखा. त्याच्या मागच्या बाजूला, मी काढलेल्या दाढेच्या जागेपासून दोन बोटांवर, लहानशी जखम. कडा उचललेल्या. बोट लावलं तर टणक.

खर्रा ठेवायची जागा तीच. त्या दिवशी तोंड उघडत नव्हतं म्हणून मी ज्याच्यावर खेकसले होते तो माणूस समोर शांतपणे उभा होता. डोळ्यांतलं पाणी दम कोंडल्याचं नव्हतं. चार महिने मी अख्ख्या तालुक्याची तोंडं धुतली होती. एकाच्याही तोंडात नीट पाहिलं नव्हतं.

आजींनी माझा चेहरा वाचला. काय आहे, असं त्यांनी विचारलं नाही. विचारलं, "कुठं न्यावं लागन?"

मी म्हटलं, नागपूरला. आणि लवकर.

बाबाजी म्हणाले, नात सासरी गेली की मग पाहू, मग म्हणाले संक्रांतीनंतर, मग म्हणाले तलावातली मासळी निघाल्यावर. आजींनी ते सगळं ऐकून घेतलं आणि चौथ्या दिवशी मुलाला घेऊन त्यांना गाडीत बसवलं. तुकडा काढून तपासला. जे मला वाटलं होतं तेच निघालं, पण लहान होतं, मानेत गेलेलं नव्हतं. गालाचा भाग काढावा लागला. मी फोन करायचे तेव्हा आजी उचलायच्या आणि तिथल्या जेवणाबद्दल तक्रार करायच्या. बाबाजींबद्दल विचारलं की म्हणायच्या, बोलता येत नाही सध्या, चाळीस वर्सांत पहिल्यांदा सुखानं ऐकते माझं. एकदा मात्र त्यांनी बोलता बोलता मधेच फोन मुलाच्या हातात दिला.

लग्नानंतर आठवड्याभरात मला ताप आला. वास गेला. तपासणीत निघायचं ते निघालं. दिवसातून सहा वेळा मी ती चूळ भरत होते, पेशंटसमोर आदर्श म्हणून. लग्नातल्या आणखी काही जणांना ताप आला. सगळे बरे झाले. त्यात माझी कर्तबगारी काडीचीही नव्हती, निव्वळ नशीब. मी एकोडीला पडवीत खाट टाकून पडले. बाबा दुरून काठीनं जेवणाचं ताट सरकवायचे. गावात कुणी विचारलं तर आता ते स्वतःहून सांगत होते, "दातांची हाये. कोरोनाचं तिले काही समजत नाही."

चुळेचा धंदा त्या बातमीनं बसला. पाणी देणारीलाच झाला, मग पाण्यात काय आहे? तालुक्यात हे दोन दिवसांत पोचलं. मी दवाखान्यात परतले तेव्हा बाकावर पुन्हा फक्त पंख्याची माणसं होती. मला बरं वाटलं, असं लिहायला आवडलं असतं. नाही वाटलं. मावशींनी खुर्ची पुसता पुसता सांगितलं की त्यांनी एक गोष्ट ठरवली आहे. यापुढं कुणीही आलं, दाढ असो नाही तर नुसता रस्ता विचारायला, आधी तीन बोटं तोंडात घालायला लावायची. मी मान डोलावली. ठरवायचं मला होतं, पण ठरवलं त्यांनी.

पंख्यासाठी बसलेल्या पहिल्या दहा जणांत तिघांची तीन बोटं आत जात नव्हती. एकाचं वय पंचवीसही नसेल.

नागपूरहून परतल्यावर आजींनी दुसरीच आघाडी उघडली. दर आठवड्याला त्या गावातल्या दोनतीन नवऱ्यांना धरून आणायच्या. त्या नवऱ्यांच्या बायका मागं, आणि आजी पुढं. बाकावर बसवून त्या पुरुषांना बाबाजींच्या गालाचं असं वर्णन सांगायच्या, की माझ्या कुठल्याही पोस्टरपेक्षा त्याचा परिणाम जास्त व्हायचा. त्यातल्या दोघांना मी नागपूरला पाठवलं. एक वेळेत पोचला. दुसरा गेलाच नाही, आणि त्याचं काय झालं हे मला आजींनी नंतर सांगितलं. त्या दिवशी त्या कुणालाच शिव्या देत नव्हत्या.

बाबाजी आता अस्पष्ट बोलतात, पण बोलतात. खर्रा बंद आहे. तलावावर जातात, पाण्यात उतरत नाहीत, डोंग्यावर, म्हणजे लहान होडीवर, बसून दुसऱ्यांना चुका सांगतात.

गेल्या हिवाळ्यात आजी चार नवऱ्यांना घेऊन आल्या. चौघांचं पाहून झालं. मावशी आजींकडे वळल्या आणि म्हणाल्या, आता तुमी. आजी म्हणाल्या, मले काय धाड भरली. मावशींनी खुर्चीकडे बोट दाखवलं. आजी म्हणाल्या, दुसऱ्या गाडीनं जायचं आहे. मावशी म्हणाल्या, दुसऱ्या गाडीला वेळ आहे. शेवटी चार पुरुषांच्या देखत त्या खुर्चीवर बसल्या आणि ओठ घट्ट मिटून माझ्याकडे पाहत राहिल्या.

बरंच समजावल्यावर तोंड उघडलं. तिन्ही बोटं आरामात गेली. पण दात काळेकुट्ट, आणि खालच्या ओठाच्या आत गुडाखूचा ताजा लपका. गावातल्या बाया सकाळ-संध्याकाळ दातांना घासतात ती तंबाखूची काळी पेस्ट.

मी विचारलं, आजी, किती वर्षं?

त्यांनी आधी बाकावरच्या चार पुरुषांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "लग्नाच्या आधीपासून," त्या हळूच म्हणाल्या. "बुढ्याले माहीत नाही. सांगजा नोको."

ओठ आतून सुरकुतलेला होता, पण जखम नव्हती. मी सांगितलं की आज बंद केलं तर सुटाल. त्यांनी मान हलवली. मावशींनी साधं पाणी दिलं. आजींनी खळखळून थुंकलं, पदरानं तोंड पुसलं आणि कमरेला खोचलेली डबी काढून मावशींच्या हातात दिली. मग बाकाकडे वळून त्या चौघांवर ओरडल्या, की बसले काय, गाडी सुटते ना.